डाव शिकवण्याची नोकरी

पट, पत्ते आणि सोंगट्या घेऊन टेबलावर खेळायचा खेळ दुकानाच्या फळीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असतो. आतले काही दिसत नाही, पत्ते चाळून बघता येत नाहीत, आणि खोक्याच्या मागे छापलेल्या चार ओळींवरून डाव कसा रंगतो ते कळायला मार्ग नसतो. अमेरिकेत अशा खेळाला तीस ते साठ डॉलर सहज पडतात. अनोळखी खेळावर एवढे पैसे घालायला गिऱ्हाईक धजावत नाही आणि ओळखीचाच खेळ घेऊन बाहेर पडते. यावर प्रकाशकांनी काढलेला उपाय म्हणजे दुकानात टेबल टाकून खोका उघडून बसणारा माणूस. तो पट मांडतो, येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला बोलावतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत त्याच्याकडून अर्धामुर्धा डाव खेळवून घेतो. हा डेमो देणारा. हौसेखातर हे काम करणारे पुष्कळ आहेत. पैसे घेऊन करायचे तर रीतसर अर्ज करावा लागतो, चाचणी द्यावी लागते, करार करावा लागतो. नियम तोंडपाठ असलेला पंडित कंपनीला नको असतो. अनोळखी माणसाला खुर्चीवर बसवून त्याच्या हातात खेळ सोपवणारा माणूस तिला हवा असतो, आणि अर्जापासून अहवालापर्यंतची सगळी प्रक्रिया याच एका गोष्टीभोवती फिरते.

दुकानाचे गणित

अमेरिकेतली खेळांची खास दुकाने बहुधा एका मालकाची, भाड्याच्या गाळ्यातली. पुढच्या भागात फळ्या, मागच्या भागात लांबलचक टेबले. शुक्रवारी रात्री तिथे ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या १९९३ पासून चालत आलेल्या पत्त्यांच्या खेळाचे सामने होतात. शनिवारी चिमुकल्या सैनिकांच्या लढाया मांडल्या जातात. दुकानदार वितरकाकडून माल छापील किमतीच्या साधारण निम्म्या दरात घेतो. उरलेल्या निम्म्यात भाडे, वीज, पगार आणि फळीवर पडून राहिलेला माल हे सगळे भागवायचे असते. तोच खोका ऑनलाइन स्वस्त मिळतो, त्यामुळे किमतीच्या शर्यतीत दुकान जिंकू शकत नाही. खेळ हातात घेऊन बघण्याची सोय मात्र दुकानातच असते, आणि तेवढेच त्याच्या हाती उरते.

प्रकाशकाची गरज वेगळी. दरवर्षी नवे खेळ ढिगाने येतात आणि एखाद्या खेळाला फळीवर दर्शनी जागा मिळते ती थोड्या दिवसांपुरती. २०१२ मध्ये अभिनेता विल व्हीटन याने ‘टेबलटॉप’ हा यूट्यूब कार्यक्रम सुरू केला. त्यात खेळ दिसला की दुकानांतला साठा संपायचा. खेळ होताना बघितला की विकत घ्यावासा वाटतो, हे त्यातून उद्योगाला लख्ख दिसले. पण असा कार्यक्रम प्रत्येक खेळाच्या वाट्याला येत नाही. बाकीच्यांसाठी शनिवारची दुपार, एक टेबल आणि एक माणूस एवढाच मार्ग राहतो.

पैसे कोण देते

मुंबई-पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात वॉशिंग मशीनची माहिती देणारा माणूस दुकानाचा नोकर नसतो, तो कंपनीचा ‘प्रमोटर’ असतो आणि त्याचा पगार बहुधा कंपनीने नेमलेली मनुष्यबळ एजन्सी करते. खेळांच्या दुकानातला डेमो देणाराही बहुतांशी असाच. तो उभा दुकानात असतो, बांधील प्रकाशकाला असतो, आणि हिशेब कधी प्रकाशकाशी, कधी मधल्या संस्थेशी होतो. अर्जदाराने ही साखळी आधी समजून घ्यावी, कारण तक्रार कोणाकडे करायची, सुट्टी कोणाकडे मागायची आणि पैसे अडकले तर कोणाला विचारायचे, हे सगळे तिच्यावर ठरते.

याहून वेगळी रीत ‘गेम्स वर्कशॉप’ची. १९७५ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली आणि आता नॉटिंगहॅममधून चालणारी ही ब्रिटिश कंपनी ‘वॉरहॅमर’चे सैनिक बनवते, आणि तिची स्वतःची दुकाने जगभर आहेत. पहिले दुकान १९७८ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ भागात उघडले. आज त्यांतली बरीच दुकाने एकटा माणूस सांभाळतो. तोच कुलूप काढतो, तोच गल्ला बघतो आणि डेमोही तोच देतो. नवख्याला एक सैनिक रंगवायला फुकट दिला जातो, मग छोटी लढाई खेळवली जाते. भरती करताना कौशल्यापेक्षा वृत्ती बघतो, असे ही कंपनी उघडपणे सांगत आली आहे. त्यामागचा विचार पटण्याजोगा आहे. ब्रश कसा धरायचा हे शिकवता येते, पण दहा वर्षांच्या मुलाने सैनिकाला जांभळा चेहरा दिला तर त्याला न टोकण्याचा धीर आत असावा लागतो.

हौस आणि मजुरी

अमेरिकेत हा उद्योग फार काळ हौशी लोकांच्या खांद्यावर उभा राहिला. टेक्सासमधल्या ‘स्टीव्ह जॅक्सन गेम्स’चे ‘मेन इन ब्लॅक’, ‘फ्लक्स’ हा पत्त्यांचा खेळ काढणाऱ्या ‘लूनी लॅब्ज’चे ‘रॅबिट्स’, ‘बॅटलटेक’वाल्या ‘कॅटॅलिस्ट’ची डेमो टीम, ही सगळी चाहत्यांची पथके. त्यांना रोख पैसे नसत. डेमोच्या बदल्यात गुण जमा होत आणि गुणांच्या बदल्यात खेळ, टी-शर्ट किंवा बाजारात न मिळणारा एखादा खास पत्ता मिळे. ज्याचे घर आधीच खोक्यांनी भरले आहे अशा चाहत्याला हा व्यवहार गोड वाटतो. पण चार तास उभे राहून, घसा कोरडा करून, दुसऱ्याचा माल विकून दिल्यावर मिळालेल्या खोक्याने घरभाडे भरता येत नाही.

कायदाही या प्रश्नाकडे दुर्लक्ष करत नाही. अमेरिकेत किमान वेतनाचा पाया १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्टने घातला. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कंपनीत ‘स्वयंसेवक’ ही सोय या कायद्याला धरून नाही, ही तिथल्या कामगार खात्याची भूमिका आहे. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे टोनी अँड सुझन अलामो फाउंडेशनचा खटला आला. ही धार्मिक संस्था पेट्रोल पंपांसारखे धंदे चालवत असे आणि त्यांत राबणारी माणसे स्वतःला स्वयंसेवक म्हणवत. त्यांना रोकड मिळत नव्हती, पण जेवण, कपडे आणि निवारा मिळत होता. हे दुसऱ्या रूपातले वेतनच आहे, असे न्यायालयाने ठरवले. खेळांच्या खोक्यांत मोजलेल्या मोबदल्याला हा निकाल किती लागू पडतो, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यावर लटकत राहिला. २०१६ मध्ये ‘मॅजिक’च्या काही पंचांनी तो खेळ काढणाऱ्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात दावे लावले. आपण कंपनीचे कामगार आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. नंतरच्या काळात ‘प्रायव्हेटियर प्रेस’ या खेळांच्या प्रकाशकाने ‘प्रेस गँग’ नावाचे आपले हौशी पथक गुंडाळले.

कॅलिफोर्नियाने पुढचे पाऊल टाकले. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या ‘एबी ५’ या कायद्याने कामकऱ्याला मुळात नोकर मानले. तो स्वतंत्र कंत्राटदार आहे असे म्हणायचे असेल तर तीन गोष्टी कंपनीने सिद्ध करायच्या : त्याच्यावर आपला ताबा नाही, त्याचे काम आपल्या नेहमीच्या धंद्याबाहेरचे आहे, आणि त्याचा त्या कामाचा स्वतःचा वेगळा व्यवसाय आहे. कोणता खेळ, कोणत्या दुकानात, किती वाजता, कोणता शर्ट घालून, हे सगळे कंपनी ठरवत असेल तर पहिल्याच अटीवर अडखळायला होते. म्हणून एखादी कंपनी ठरावीक राज्यांतलेच अर्ज घेते, एखादी एजन्सीमार्फत पगारपत्रकावर माणूस ठेवते. अर्जात राहण्याचे राज्य आधी विचारले जाते त्यामागे प्रवासाइतकेच हेही कारण असते.

पैसे देऊन माणूस ठेवण्याकडे झालेला हा कल चांगलाच म्हटला पाहिजे. डेमो देणे हे शिकवण्याचे आणि विकण्याचे असे दुहेरी काम आहे. खेळावर प्रेम असल्यामुळे त्याची मजुरी कमी होत नाही.

अर्जात काय लिहायचे

अर्ज साधा दिसतो. नाव, वय, शहर, स्वतःचे वाहन आहे का, शनिवार-रविवार मोकळे आहेत का. वयाची अट बहुधा अठरा पूर्ण अशी असते. टेबलाशी लहान मुले येत असल्यामुळे काही कंपन्या पार्श्वभूमीची तपासणी करतात. पोकेमॉनच्या सामन्यांसाठी नेमल्या जाणाऱ्या ‘प्रोफेसर’ मंडळींना परीक्षेबरोबर ही तपासणीही पार करावी लागते.

पुढचा प्रश्न असतो दुकानांचा. गाडीने तासाभरात कोणकोणती दुकाने येतात आणि तिथला मालक तुम्हाला ओळखतो का? अर्जाचा खरा जोर इथे लागतो. ज्याला तीन दुकानदार नावाने ओळखतात, ज्याने कधी मागचे टेबल पुसून खुर्च्या रचून ठेवल्या आहेत, त्याला आत घ्यायला दुकानदार आढेवेढे घेत नाही. अनोळखी डेमोवाल्यासाठी शनिवारचे टेबल अडवून ठेवणे दुकानदाराला महागात पडते, कारण त्याच टेबलावर सामना भरवला तर प्रवेश शुल्काचे पैसे आणि थंड पेयांची विक्री हमखास होते. म्हणून एखाद्या दुकानदाराचा शिफारशीचा शब्द दहा खेळांच्या अनुभवापेक्षा भारी ठरतो.

‘अनुभव’ या रकान्यात बहुतेक अर्जदार आपल्या संग्रहाची यादी देतात. घरात दोनशे खेळ आहेत, अमक्या खेळाच्या सगळ्या पुरवण्या आहेत, तमक्या स्पर्धेत दुसरा आलो. निवडणाऱ्याला यातून फारसे काही कळत नाही. त्यापेक्षा गावच्या वाचनालयात मुलांना खेळ शिकवला, शाळेत सुट्टीतला वर्ग घेतला, सोसायटीत आजी-आजोबांची टेबले लावली, असे दोन-तीन प्रसंग बारकाव्यासकट लिहिलेले बरे : किती जण बसले, कुठे अडले, ती अडचण कशी सोडवली. दुकानात काउंटरवर केलेली नोकरी, हॉटेलातले वाढपीपण, शिकवणी यांतले काहीही खेळांच्या संग्रहापेक्षा कामाचे. त्या सगळ्यांत अनोळखी माणसाशी आपणहून बोलावे लागते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. दुसऱ्या प्रकाशकाचेही काम करत असाल, किंवा त्याच दुकानात नोकरीला असाल, तर ते लिहावे. नंतर उघडकीला आले की काम जाते आणि हा धंदा इतका लहान आहे की नावही जाते.

तीन मिनिटांची चाचणी

अर्ज पसंत पडला की चाचणी होते. समोरासमोर, व्हिडिओ कॉलवर, किंवा तीन मिनिटांचे चित्रीकरण पाठवून. एक खेळ निवडा आणि शिकवा. इथे नियम चांगले येणारेच जास्त गळतात, कारण त्यांना सगळे सांगायचे असते.

‘तिकीट टू राइड’ घेऊन बघता येते. अ‍ॅलन मून यांनी रचलेला आणि ‘डेज ऑफ वंडर’ने काढलेला हा खेळ २००४ मध्ये जर्मनीतल्या ‘श्पील देस यारेस’ म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम खेळाच्या पुरस्काराचा मानकरी ठरला. पटावर उत्तर अमेरिकेचा नकाशा, शहरांना जोडणारे रंगीत मार्ग, आणि प्रत्येक भिडूकडे प्लास्टिकचे पंचेचाळीस इवले डबे. पुरस्कार, रचनाकार, आवृत्त्या यांनी सुरुवात करणारा अर्जदार पहिल्या अर्ध्या मिनिटातच ऐकणाऱ्याला गमावतो. चांगला शिकवणारा पट समोर सरकवतो आणि म्हणतो, “तुमची रेल्वे कंपनी आहे. या तिकिटावर दोन शहरं आहेत, ती तुमच्या डब्यांनी जोडायची.” उद्दिष्ट एका दमात कळले.

मग वाटणी. नियमाप्रमाणे प्रत्येकाला चार पत्ते. ते डेमो देणाऱ्याने स्वतः वाटायचे नाहीत, समोरच्याला गड्डी देऊन त्याच्याकडून वाटून घ्यायचे. हाताला पत्ते लागले की माणूस खुर्चीत पुढे सरकतो, आणि पुढे सरकलेला माणूस सहसा उठून जात नाही. पाळी आली की तीन गोष्टींपैकी एक करता येते : पत्ते उचलायचे, हातातल्या एकाच रंगाच्या पत्त्यांनी मार्ग बांधायचा, किंवा नवी तिकिटे घ्यायची. यातली तिसरी गोष्ट सुरुवातीला सांगायचीच नाही. इंजिनाचा पत्ता कोणत्याही रंगाच्या जागी चालतो, हे सांगायचे. पण उघड्या पत्त्यांतून इंजिन उचलले तर त्या पाळीला दुसरा पत्ता मिळत नाही, हा बारकावा कोणाचा तरी हात त्या इंजिनाकडे जाईल तेव्हाच सांगायचा. एका डब्याच्या मार्गाला एक गुण आणि सहा डब्यांच्या मार्गाला पंधरा, हा तक्ता पटावरच छापलेला आहे. त्यावर बोट ठेवले की झाले. सर्वांत लांब सलग रस्त्याचे दहा गुण डाव अर्ध्यावर आला की ओघात सांगता येतात.

तयारी मात्र लोक येण्याआधीची. पूर्ण डाव तासाभराचा, डेमोला तेवढा वेळ नसतो. म्हणून पंचेचाळीसऐवजी वीसच डबे द्यायचे आणि तिकिटे आधी निवडून ठेवायची. तिकिटावरचे गुण साधारणपणे जवळच्या वाटेला लागणाऱ्या डब्यांइतके असतात. सिअ‍ॅटल ते न्यूयॉर्क हे बावीस गुणांचे तिकीट वीस डब्यांच्या डावात कोणाच्या हाती गेले तर ते पुरे होण्याची आशाच नाही, आणि तो भिडू खेळावर चिडून उठतो. डेन्व्हर ते एल पासो चार गुणांचे, कॅन्सस सिटी ते ह्यूस्टन पाच गुणांचे, शिकागो ते न्यू ऑर्लिन्स सात गुणांचे. ही तिकिटे वर ठेवली तर दहाव्या मिनिटाला कोणीतरी “झालं माझं!” म्हणतो. तिसरी गोष्ट त्या क्षणी सांगायची : आता नवे तिकीट घेता येईल.

चाचणी घेणारा नियमांपेक्षा अर्जदाराचे हात आणि गप्प राहणे बघत असतो. समोरच्याने चुकीची खेळी केली, पण ती नियमात बसते, तर शिकवणारा आपली हुशारी दाखवतो का? दोघांतला एकच जण प्रश्न विचारतो आहे, दुसरा मोबाइल बघतो आहे, त्याला पुढची पाळी देऊन आत ओढतो का? आधीपासून खेळ येणारा एक जण मध्येमध्ये बोलतो आहे, त्याला न दुखवता पत्ते पिसायच्या कामाला लावतो का? बहुतेक प्रकाशकांना डेमो देणारा स्वतः खेळलेला आवडत नाही. भिडू कमी पडला म्हणून बसावेच लागले तर जिंकण्यासाठी खेळू नये आणि मुद्दाम हरतो आहे असेही दिसू देऊ नये.

डाव ऐन रंगात असताना थांबवणे सर्वांत अवघड. शिकवणाऱ्यालाही शेवट बघायचा असतो. पण शेवटपर्यंत नेलेला डाव गिऱ्हाइकाची भूक भागवतो. पाच डबे उरलेले असताना, दोघांत चुरस लागलेली असताना “पूर्ण डाव तासाभराचा असतो, खोका त्या फळीवर आहे” असे सांगून उठणे जमले, तर घरी नेऊन पुरा करण्याची इच्छा गिऱ्हाइकाबरोबर फळीपर्यंत जाते.

टेबलाशी

काम मिळाल्यावर पोस्टाने खोका येतो : नमुना प्रत, टेबलावर घालायचे कापड, उभा फलक, कंपनीचा शर्ट, थोडी फुकट वाटायची खेळणी. तारीख दुकानदाराशी ठरवायची जबाबदारी बहुधा डेमो देणाऱ्याचीच. ती ठरवताना विचारायची पहिली गोष्ट म्हणजे त्या दिवशी दुकानात खेळाच्या किती प्रती असतील. फळी रिकामी असेल तर डेमो फुकट जातो. लोक खेळतात, हसतात आणि रस्त्यावर पाऊल टाकायच्या आत मोबाइलवर ऑनलाइन मागवून मोकळे होतात. दुकानदाराचे भाडे, डेमोवाल्याचे श्रम, विक्री तिसऱ्याची. म्हणून वितरकाकडे माल आहे का हे आधी बघून, दुकानदाराला मागणी नोंदवायची आठवण करून मगच दिवस पक्का करावा.

जागेचेही तसेच. मागच्या खोलीतले टेबल नेहमीच्या खेळाडूंचे. नवे गिऱ्हाईक दारातून आत येते, पंधरा पावले चालते आणि परत फिरते. टेबल त्या पंधरा पावलांत हवे. पट आधीच मांडलेला, दोन-चार मार्ग बांधलेले, जणू डाव नुकताच थांबला आहे. कोरा पट बघून लोक पुढे जातात. खुर्च्या चारच ठेवाव्यात. सहा ठेवल्या तर दोघे बसले असतानाही टेबल रिकामे दिसते.

हाक कशी मारायची हेही शिकावे लागते. “खेळ बघायचाय का?” या प्रश्नाला “नको, थँक्स” हे तयार उत्तर आहे. “यातला कोणता रंग तुम्ही घ्याल?” असे विचारून डबे पुढे केले की हात आपोआप पुढे येतो. मुलांबरोबर आलेल्या आई-वडिलांना आधी किती वेळ लागेल ते सांगावे आणि तो शब्द पाळावा. पाचेक वर्षांचे भावंड बरोबर असेल तर त्याला कच्चं लिंबू धरून डबे ठेवायचे काम द्यावे, नाहीतर डाव उधळायची जबाबदारी ते स्वतःहून घेते.

खेळ संपला की मोजणी. ‘तिकीट टू राइड’च्या खोक्यात प्रत्येक रंगाचे पंचेचाळीस डबे आणि तीन जादा असतात, म्हणजे तीन हरवेपर्यंत निभावते. पत्त्यांच्या खेळात एक पत्ता गेला की नमुना प्रत बाद. संध्याकाळी टेबलाखाली टॉर्च मारून बघणे हा कामाचाच भाग.

अहवाल आणि हिशेब

घरी गेल्यावर अहवाल लिहायचा. किती वेळ टेबल चालले, किती जण बसले, किती नुसते उभे राहिले, किती प्रती विकल्या गेल्या, आणि कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. प्रकाशकाच्या दृष्टीने शेवटची नोंद सोन्याची. तीन शहरांतून एकाच नियमावर गोंधळ नोंदला गेला तर पुढच्या आवृत्तीत ते पान नव्याने लिहिता येते. छायाचित्रे हवी असतात, पण त्यांत मुले असतील तर पालकांची परवानगी घ्यावी लागते. अहवाल पोचल्याशिवाय पैसे निघत नाहीत. आकडे फुगवायचा मोह होतो, मात्र दुकानदाराच्या गल्ल्याशी ते ताडून बघायला कंपनीला एक फोन पुरतो.

मोबदला तासावर किंवा दर डेमोमागे ठरलेला असतो. तो बघताना अर्जदाराने आणखी दोन रकमा मनात धराव्यात. कंत्राटदार म्हणून काम केले तर वर्षाला निव्वळ चारशे डॉलर कमाई झाल्यावर स्वयंरोजगार कर लागतो, त्याचा दर १५.३ टक्के. नोकरीत मालक भरतो तो वाटाही इथे स्वतःच भरायचा असतो. दुसरी रक्कम प्रवासाची. २०२५ साठी अमेरिकी आयकर खात्याने धंद्याच्या गाडीप्रवासाला मैलामागे ७० सेंट वजावट ठरवली होती, म्हणून मैलांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. चाळीस मैलांवरचे दुकान चार तासांसाठी घेतले आणि प्रवासाचे वेगळे पैसे नसतील, तर जाऊन-येऊन ऐंशी मैलांचा गाडीखर्च त्या दराने ५६ डॉलर होतो. करारावर सही करण्याआधी हा हिशेब मांडला नाही, तर हौस म्हणून केलेल्या कामापेक्षाही पदरात कमी पडते.

एसेनची चार दिवसांची नोकरी

जर्मनीत या कामाचा मोठा हंगाम ऑक्टोबरात येतो. एसेन शहरात १९८३ पासून भरणारा ‘श्पील’ हा खेळांचा मेळा चार दिवस चालतो आणि शेकडो प्रकाशकांना प्रत्येक टेबलाशी एक शिकवणारा लागतो. अर्ज महिनोन्‌महिने आधी जातात. जर्मनबरोबर इंग्रजी येणे जवळपास गरजेचे, कारण एकाच बाकावर दोन देशांची माणसे बसतात. नियमपुस्तिका आधी घरी येते, मेळ्याच्या आदल्या दिवशी तालीम होते. दिवसभर तोच खेळ, तीच सुरुवात, तोच विनोद, आणि हॉलमधल्या कोलाहलावर चढवलेला आवाज. दुसऱ्या दिवशी घसा बसतो, म्हणून पाळ्या लावल्या जातात.

विद्यार्थ्यांना हे काम सोयीचे पडते. जर्मन कायद्यात वर्षाला तीन महिने किंवा सत्तर दिवसांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या नोकरीला सामाजिक विम्याच्या हप्त्यांतून सूट आहे, आणि किमान वेतन मात्र तिथेही लागू असते. २०२५ मध्ये ते तासाला १२.८२ युरो होते. अमेरिकेचे संघीय किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवरच थांबले आहे, कित्येक राज्यांनी स्वतःचे दर वाढवले असले तरी.

मराठी मुलांसाठी

शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी मुला-मुलींना दुकानातल्या टेबलांची ओढ लागते, आणि डेमोचा अर्ज भरावासा वाटणे स्वाभाविक आहे. तिथे व्हिसा आडवा येतो. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते. आवाराबाहेर काम करायला वेगळी परवानगी लागते. एच-१बीवाल्याला ज्या मालकासाठी व्हिसा मिळाला त्याचेच काम करता येते. पैशांऐवजी खेळ घेतले म्हणजे सुटका झाली, असे समजणे धोक्याचे आहे, कारण वस्तूंतला मोबदलाही मोबदलाच धरला जाऊ शकतो. अर्ज भरण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्यावे. विद्यापीठातल्या खेळ-मंडळात मित्रांना खेळ शिकवायला कोणाची आडकाठी नाही, आणि पुढे परवानगी मिळाल्यावर हाच अनुभव अर्जात लिहिता येतो.

महाराष्ट्रात या कामाची दोन रूपे आहेत. एक खेळण्यांच्या मोठ्या दुकानातले. लंडनच्या ‘हॅमलीज’ने २०१० मध्ये मुंबईत लोअर परळला भारतातले आपले पहिले दुकान उघडले आणि खेळणे दाखवत उभ्या राहणाऱ्या माणसांची आपली रीतही सोबत आणली. २०१९ पासून ही कंपनीच रिलायन्सच्या मालकीची आहे. मात्र तिथे उडणारी विमाने आणि साबणाचे फुगे दाखवणे सोपे, पटावरचा खेळ शिकवायला खुर्ची लागते. ती खुर्ची मिळते दुसऱ्या रूपात, मुंबई-पुण्याच्या बोर्ड गेम कॅफेत. टोरंटोत २०१० मध्ये उघडलेल्या ‘स्नेक्स अँड लाटेज’ने कॉफीबरोबर खेळ शिकवणारा नोकर ही पद्धत गाजवली आणि आपल्याकडची टेबले त्याच धर्तीवर चालतात.

इथल्या गिऱ्हाइकाला पट नवा नसतो. ‘व्यापार’ घरोघरी खेळलेला असतो. १९८३ मध्ये जर्मनीतला वर्षाचा सर्वोत्तम खेळ ठरलेला ‘स्कॉटलंड यार्ड’ही अनेकांनी ‘फनस्कूल’च्या खोक्यातून लहानपणीच उघडलेला असतो. गोव्यात कारखाना असलेल्या या एमआरएफ समूहाच्या कंपनीने तो इथे रुजवला. ‘व्यापार’मधल्या नोटा मोजणे किंवा ‘स्कॉटलंड यार्ड’मधल्या फरारी मिस्टर एक्सला घेरणे ज्याला येते, त्याला नवा खेळ त्या ओळखीतून शिकवता येतो : “स्कॉटलंड यार्डमध्ये सगळे मिळून एकाला पकडता ना, इथे तसेच सगळे मिळून खेळायचे.” नियमपुस्तिका इंग्रजीत असते, टेबलावरची भाषा मराठी-हिंदी-इंग्रजीची मिसळ असते, म्हणून नियम आपल्या शब्दांत मोडून सांगता येणे ही इथली पहिली पात्रता. कॅफेत अर्ज करणाऱ्याला ताटे उचलणे, बिल करणे आणि डाव शिकवणे ही तिन्ही कामे एकाच पगारात करावी लागतात. तेव्हा मुलाखतीत शिकवण्याच्या तासांचे वेगळे काही मिळेल का, आणि नवे खेळ शिकून घेण्याचा वेळ कामाच्या तासांत धरला जाईल का, हे विचारून घ्यावे आणि उत्तर लेखी मागावे.